कासव बुडी मारून किती वेळ राहतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात गावतळ्यातल्या कासवांवर एक छोटं टिपण छापलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं अख्खं सदर कासवांनाच देऊन टाकलंय. गंमत म्हणजे भंडाऱ्यापासून कॅनडापर्यंत सगळ्यांनी फिरून फिरून एकच गोष्ट विचारलीय, की कासव राहतं पाण्यात, श्वास घेतं हवेतला, मग थंडी-उन्हाळा बदलला की त्याच्या बुडीचं काय होतं. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, त्यातली निवडक घेतलीत.

प्रश्न: आम्ही मामा (माजी मालगुजारी) तलावात मासेमारी करतो. संध्याकाळी तंगूसचं (बारीक नायलॉन दोऱ्याचं) जाळं लावतो, पहाटे काढतो. हिवाळ्यात जाळ्यात कासव अडकलं तर बऱ्याचदा सकाळी जिवंत निघतं आणि आम्ही सोडून देतो. एप्रिल-मेमध्ये मात्र मेलेलंच निघतं. जाळं तेच, तलाव तोच, मग फरक कशाचा? (साकोली तालुका, जि. भंडारा)

दादा, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही एका ओळीत पकडलंय. फरक पाण्याच्या तापमानाचा आहे. आपलं अंग उन्हाळा असो की हिवाळा ३७ डिग्रीलाच राहतं, कासवाचं तसं नाही, पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार. आणि अंग गार पडलं की शरीरातली सगळी कामं हळू होतात, हृदय हळू, पचन हळू, ऑक्सिजनचा खर्चही कमी. साधारण हिशोब असा की तापमान १० डिग्रीने वाढलं की ऑक्सिजनचा खर्च दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे जानेवारीत तलावाचं पाणी १८-२० डिग्री असेल आणि मेमध्ये ३० च्या आसपास, तर छातीत भरून घेतलेली तीच हवा मेमध्ये निम्म्या किंवा त्याहून कमी वेळात संपते.

हे झालं एक. दुसरं म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन. तुमच्याकडे जे कासव सापडतं ते बहुतेक मऊ पाठीचं, मागच्या पायांवर कातडीच्या झडपा असलेलं इंडियन फ्लॅपशेल असणार. मऊ पाठीची कासवं थोडाफार ऑक्सिजन कातडीतून आणि घशातून थेट पाण्यातून घेतात. पण कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो. एक लिटर गोड्या पाण्यात शून्य डिग्रीला साधारण १४.६ मिलिग्रॅम, २० डिग्रीला ९.१ आणि ३० डिग्रीला जेमतेम ७.५ मिलिग्रॅम. शिवाय शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसभर ऑक्सिजन सोडतात पण रात्री स्वतःच वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी तलावातला ऑक्सिजन अगदी कमी झालेला असतो. मासे वर येऊन तोंड उघडतात ते तुम्ही पाहिलंच असेल. म्हणजे ज्या वेळी कासवाला हवा सगळ्यात जास्त लागते त्याच वेळी पाण्यातून सगळ्यात कमी मिळते, आणि वरून ते जाळ्यात धडपडतं. गार पाण्यातलं कासव फार धडपडत नाही, कोमट पाण्यातलं जीव तोडून झगडतं आणि उरलेली हवा त्यातच संपवतं.

करता येण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. उन्हाळ्यात रात्री झोपायच्या आधी एक चक्कर मारून जाळं बघून घ्या, पूर्ण रात्र तसंच सोडू नका. आणि दुसरी, पहाटे निपचित निघालेलं कासव लगेच मेलं म्हणून फेकू नका. मान हळूच बाहेर ओढून, डोकं खाली आणि शेपटीकडची बाजू थोडी वर अशा तिरक्या अवस्थेत धरा म्हणजे फुफ्फुसातलं पाणी निघेल, मग तसंच तिरकं सावलीत ओल्या गोणपाटावर काही तास ठेवा. हृदय इतकं हळू चालू असतं की हाताला कळतही नाही, आणि अशी कासवं काही तासांनी पाय हलवतात. पाय हलवायला लागलं की मग काठावरच्या उथळ पाण्यात सोडा, खोल पाण्यात लगेच नको. फ्लॅपशेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते पकडणं, विकणं, खाणं सगळंच गुन्हा आहे, हे तुम्हाला माहिती असेलच पण इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

प्रश्न: कासवाला माशासारखे कल्ले असतात का? मी सहावीत आहे. (सांगली)

नाही बाळा, कासवाला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुफ्फुसंच असतात. पण एक अडचण बघ. आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या फुगतात. कासवाच्या बरगड्या पाठीच्या कवचालाच जोडलेल्या असतात, त्या हलूच शकत नाहीत. मग ते पायांच्या बगलेतले आणि पोटातले स्नायू वापरतं, त्यांनी आतलं पोट मागे-पुढे सरकवलं की फुफ्फुसात हवा येते-जाते. काठावर बसलेलं कासव दिसलं तर जवळ न जाता मागच्या पायाच्या खाचेकडे नीट बघ, तिथली कातडी आत-बाहेर होताना दिसते, तोच त्याचा श्वास.

आणि कासव आपल्यासारखं सारखं-सारखं श्वास घेत नाही. वर येतं, लागोपाठ चार-पाच श्वास घेतं, मग बुडी. खाली असताना त्याचं हृदय फुफ्फुसाकडे जाणारं रक्त बरंचसं वळवून परत शरीराकडेच पाठवू शकतं, कारण फुफ्फुसातली हवा वापरून झाल्यावर तिकडे रक्त पाठवून फायदा काय! फुफ्फुसाचा आणखी एक उपयोग आहे, पाण्यात तरंगायचं की बुडायचं हे कासव आतल्या हवेवर ठरवतं. कमी हवा घेऊन गेलं तर तळाशी आरामात बसता येतं.

शाळेच्या प्रोजेक्टसाठी आयडिया देतो. मोठ्या माणसाला सोबत घेऊन जवळच्या तळ्यावर डिसेंबरमध्ये एक सकाळ आणि एप्रिलमध्ये एक सकाळ बस. कासवाचं नाक पाण्यावर आलं की घड्याळ बघून वहीत वेळ लिही. दोन्ही महिन्यांचे आकडे शेजारी मांडलेस की वर्गाला दाखवायला मस्त तक्ता तयार होईल.

प्रश्न: आम्ही मिसिसागात राहतो. घरामागच्या तळ्यात उन्हाळ्यात पिवळ्या-लाल रेघांची कासवं लाकडावर ओळीने ऊन खात बसलेली असतात. डिसेंबर ते मार्च तळं पूर्ण गोठलेलं असतं, वर मुलं खेळतात. ही कासवं तेव्हा कुठे जातात? श्वास कसा घेतात? मुलगी रोज विचारते आणि मला उत्तर देता येत नाही. (कॅनडा)

ताई, तुमच्या मुलीने फार मोठा प्रश्न विचारलाय. ती कासवं कुठेही जात नाहीत, तुमच्या मुलांच्या पायाखाली बर्फाच्या थराखालीच असतात. तुम्ही सांगताय त्यावरून ती पेंटेड टर्टल आहेत, उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात आढळणारी जात.

पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्यामुळे वर बर्फ झाला तरी तळाशी साधारण तेवढं तापमान टिकतं आणि तळ्याच्या चिखलाजवळ कासव गोठत नाही. तिथे ते जवळपास निश्चल पडून राहतं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवेतला शेवटचा श्वास घेतलेला असतो, त्यानंतरचा डायरेक्ट बर्फ वितळल्यावर. सुरुवातीला पाण्यात ऑक्सिजन असतो, तो थोडाथोडा कातडीतून आणि घशाच्या आतल्या अस्तरातून शरीरात जातो, आणि अंग इतकं गार असल्यामुळे तेवढाही पुरतो. पण बर्फावर हिम साचलं की उजेड आत जात नाही, वनस्पती ऑक्सिजन बनवत नाहीत, तळाचा कुजका पाला उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि छोट्या तळ्यात जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. मासे अशा वेळी मरतात. पेंटेड टर्टल मरत नाही.

इथे मला खरंच थांबून लिहावंसं वाटतं, कारण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये हे फार थोड्यांना जमतं. आपल्या मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की खेळ खल्लास. हे कासव २० डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजनशिवाय साधारण एक दिवस तग धरतं आणि ३ डिग्रीच्या पाण्यात तीन महिन्यांहून जास्त! अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीचे डोनाल्ड जॅक्सन आणि अलाबामा युनिव्हर्सिटीचे गॉर्डन अल्ट्श यांनी १९८२ मध्ये याच जातीची कासवं ३ डिग्रीच्या पाण्यात महिनोनमहिने बुडवून ठेवून हे मोजलं, आणि पुढे जॅक्सन यांनी कित्येक वर्षं त्यामागचं कारण शोधण्यात घालवली.

कारण असं निघालं. ऑक्सिजन नसला की शरीर ग्लुकोजमधून थोडीशी ऊर्जा काढू शकतं, पण त्यातून लॅक्टिक ॲसिड साचतं. जोरात पळाल्यावर आपल्या स्नायूंमध्ये साचतं तेच. कासव पहिलं काम करतं ते खर्च कमी करण्याचं. आधीच गारठ्याने मंदावलेला खर्च ऑक्सिजन संपल्यावर आणखी खाली, दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, हृदयाचा ठोका दोन-तीन मिनिटांतून एकदा पडतो. पोटातल्या यकृतात उन्हाळाभर साठवलेला ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा त्यावर पुरवून पुरवून वापरला जातो. तरीही चार महिन्यांत ॲसिड भरपूर साचणारच, आणि एवढं ॲसिड रक्तात फिरलं तर कुठलाही प्राणी मरेल. मग मदतीला येतं ते कवच. कवचात आणि हाडांत कॅल्शियम कार्बोनेट असतं, ॲसिडिटी झाल्यावर आपण चघळतो त्या गोळ्यांमध्ये असतं तेच. कवचातून कार्बोनेट रक्तात उतरतं आणि ॲसिड मारतं, आणि वर लॅक्टिक ॲसिडचा बराच मोठा वाटा कवच स्वतःच्या आत ओढून साठवून ठेवतं. आपण समजतो कवच म्हणजे फक्त शत्रूपासून बचाव, पण बर्फाखाली ते कासवाचा जीव रक्तातूनच वाचवत असतं.

मार्च-एप्रिलमध्ये बर्फ गेला की ही कासवं पहिल्याच उन्हात लाकडावर येऊन बसतात, तेव्हा ती अगदी मरगळलेली दिसतात. साचलेलं ॲसिड निस्तरायला ऑक्सिजनही लागतो आणि ऊबही, म्हणून ते ऊन त्यांच्यासाठी औषधच आहे. मुलीला सांगा, तेव्हा लांबूनच बघायचं, दगड टाकून पाण्यात पळवायचं नाही, आणि आजारी समजून उचलून घरीही आणायचं नाही.

अजून एक, तुमच्याच ओंटारिओत मॅप टर्टल नावाचं कासव आहे, त्याला हे जमत नाही. ते ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात फार टिकत नाही, म्हणून थंडीला ते वाहत्या नदीच्या तळाशी जातं, जिथे पाणी सतत ताजं असतं, आणि सगळा हिवाळा कातडीतून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर काढतं. तिकडची मऊ पाठीची स्पायनी सॉफ्टशेल कासवंही तशीच. म्हणजे थंडी तीच, पण एकाला कुजक्या चिखलाचं तळं चालतं आणि दुसऱ्याला वाहती नदीच लागते. भर हिवाळ्यात तळ्याची किंवा नदीची पातळी उतरवली तर ही निपचित कासवं उघडी पडून गोठून मरतात. तुमच्या सोसायटीने तळं साफ करायचं ठरवलं तर ते थंडीत नको एवढं नक्की सांगा.

प्रश्न: रील बघितली की कासव थंडीत ढुंगणातून श्वास घेतं. खरं की फेक? (ठाणे)

अर्धं खरं. ते रील पेंटेड टर्टलच्या फोटोवर बनवलेलं असतं आणि त्या कासवाच्या बाबतीत हा दावा फारसा टिकत नाही, त्याला थंडीत ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः कातडी आणि घशातून.

पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या फिट्झरॉय नदीत एक कासव आहे, जगाला त्याची शास्त्रीय ओळख १९८० मध्येच झाली, त्याच्यासाठी मात्र हे शंभर टक्के खरं. त्याच्या शेपटीखालच्या भोकाच्या आत दोन पिशव्या असतात, त्यांना आतून बारीक बारीक झालरीसारखं अस्तर असतं, आणि ते कासव त्यात सतत पाणी आत घेतं-बाहेर सोडतं. एकूण लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी ७० टक्क्यांपर्यंत त्याला असा मिळू शकतो. नदीच्या खळखळत्या भागात तळाशी राहून वर न येता ते दिवसच्या दिवस काढतं. पण तिथेही ऋतू सुटत नाही, पाणी गार आणि वाहतं असेल तरच हा सौदा परवडतो. नदीवर बंधारा घातला, पाणी साचून कोमट झालं की पिशव्यांतून मिळणारा ऑक्सिजन आटतो आणि त्याला इतर कासवांसारखं वारंवार वर यावं लागतं, म्हणजे पोहण्यात शक्ती जाते आणि शिकाऱ्यांच्या नजरेलाही पडतं. रीलवाल्यांनी हे सांगितलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

प्रश्न: मे महिन्यात आमच्या पाझर तलावाचा गाळ जेसीबीने काढत होतो. तळ पूर्ण कोरडा, भेगा पडलेला, आणि दोन फुटांखालून ढेकळासोबत एक कासव निघालं. पोरं म्हणाली मेलंय, पण तासाभराने मान काढली. पाण्याशिवाय ते जिवंत कसं राहिलं? आम्ही ते विहिरीत सोडलं, बरोबर केलं का? (जि. बीड)

तुम्ही सोडून दिलंत हे फार चांगलं केलंत. तो फ्लॅपशेलच असणार, आपल्याकडे तळी आटली की हे कासव एक तर चालत दुसरं पाणी गाठतं नाहीतर चिखलात स्वतःला पुरून घेतं. कॅनडातलं कासव थंडीत जे करतं ते आपलं कासव उन्हाळ्यात करतं, फक्त इथे अडचण ऑक्सिजनची नाही, पाण्याची आहे. भेगांमधून हवा येतेच, मातीत पडून ते अगदी क्वचित श्वास घेतं. खरा धोका अंगातलं पाणी सुकण्याचा, कारण पाठीवर टणक ढाल नाही, कातडी आहे. म्हणून डोकं आत, पाय आत, वरून झडपा बंद, आणि आजूबाजूला माती. वर जमीन तापलेली असते तेव्हा दीड-दोन फूट खाली बरंच गार असतं, त्या गारव्यात शरीराचा खर्च कमी ठेवून ते पहिल्या पावसाची वाट बघतं. पाऊस पडून तळं भरायला लागलं की हीच कासवं एकदम बाहेर येतात आणि खायला लागतात, जून-जुलैत रस्त्यावर कासवं दिसतात ती त्यातलीच.

विहिरीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. सुस्तावलेलं कासव एकदम खोल पाण्यात टाकलं तर त्याला वर येऊन श्वास घेण्याएवढी ताकद नसते, ते बुडून मरू शकतं. आणि बांधीव विहिरीच्या भिंती सरळ असतात, त्याला ना टेकायला जागा ना बाहेर यायला वाट, अंडी घालायला तर जमीन लागतेच. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात, त्यापायी कित्येक कासवं आयुष्यभर तिथे अडकलीत. पुढच्या वेळी सापडलं तर तलावाच्या ज्या काठावर खोदकाम नाही तिथे सावलीत, ओल्या मातीत खड्डा करून ठेवा, वरून सैल माती किंवा पाला टाका, झालं. जखमी असेल तर वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट १९२६ नंबरला फोन करा.

आणि गाळ काढायचाच असेल, तो काढायलाच हवा, तर जेसीबीसमोर एक माणूस नुसता बघायला उभा ठेवा, खास करून तळ्याच्या सगळ्यात खोल भागात जिथे शेवटचं पाणी होतं, कारण कासवं तिथेच उतरलेली असतात. ट्रॅक्टरमध्ये भरलेला गाळ शेतात पसरताना पण ढेकळं बघून घ्या.

प्रश्न: घरी टाकीत लाल कानाचं छोटं कासव आहे. डिसेंबरपासून खात नाही, तळाशी अर्धा-अर्धा तास पडून राहतं. बुडून मरेल म्हणून मी सारखी वर काढते. हीटर लावू का? (पुणे)

सारखं वर काढू नका प्लीज, त्याने ते जास्त घाबरतं आणि जास्त थकतं. तुमचं कासव रेड इअर्ड स्लायडर आहे, मूळ अमेरिकेतलं. ही कासवं पाण्याखाली झोपतात, आणि पाणी गार असलं की जास्त वेळ झोपतात, वरच्या उत्तरांमध्ये सांगितलं तेच कारण.

पण पुण्याची थंडी या कासवाला मधल्यामध्ये लटकवते. नीट थंडीची झोप घ्यावी इतकं पाणी गार होत नाही आणि नीट पचन व्हावं इतकं उबदारही नसतं. अशा पाण्यात जबरदस्तीने खाऊ घातलं तर ते पोटात तसंच कुजतं, आणि प्रतिकारशक्ती पण उतरलेली असते, म्हणून सर्दी-न्यूमोनिया याच दिवसांत होतो. तर हो, हीटर लावा, जाळी किंवा कव्हर असलेला, आणि थर्मामीटर लावून पाणी २४ ते २६ डिग्रीला ठेवा. पूर्ण अंग कोरडं करता येईल असा दगड किंवा फळी हवी, त्यावर दिवसा दिवा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, कवचासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते, त्यासाठी वेगळा यूव्हीबी दिवा मिळतो.

लक्ष कशावर ठेवायचं ते सांगतो. मान वर ताणून तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून फुगे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोहताना एका बाजूला कलणं किंवा बुडताच न येणं. कासव फुफ्फुसातल्या हवेवर तोल सांभाळतं, एका फुफ्फुसात पाणी किंवा कफ झाला की तोल जातो आणि ते तिरकं तरंगतं. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी विदेशी प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की सांभाळणं जमत नसेल तर मुठेत किंवा पाषाण तलावात सोडलं तर चालेल का. नाही चालणार. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० घुसखोर जातींच्या यादीत हे कासव आहे, ते आपल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा आणि खाणं दोन्ही बळकावतं. वनविभागाला किंवा प्राणी बचाव केंद्राला फोन करून द्या, आणि घ्यायला कोणी तयार होईपर्यंत हीटर चालू ठेवा.